विरजणाचा हात

माझ्या ड्रॉइंगच्या वर्गात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, रंगाच्या रिकाम्या खोक्यात, कापसात गुंडाळलेला एक मातीचा हात बावीस वर्षं पडून होता. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, खऱ्या माणसाच्या हाताएवढा. कपाटाची किल्ली मी कोणाला देत नसे. शाळेच्या शिपायाला वाटायचं, सरांनी महागाचे ब्रश दडवून ठेवले आहेत.

त्या हाताच्या मनगटाखाली माझी सही होती. तो हात मी केलेला नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं. आता लिहिलंच आहे, तर बाकीचंही लिहून टाकतो.

मी दारव्ह्याकडच्या एका गावातला. घरी कपाशी, तूर. रंग म्हणजे पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो, एवढीच वडिलांची चित्रकलेशी ओळख. तरी त्यांनी मला यवतमाळला पाठवलं, चित्रकलेचा शिक्षक होण्यासाठी. कॉलेज म्हणजे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, नाक उडालेलं एक प्लास्टरचं डोकं आणि एक सर. भाड्याच्या खोलीत मी बाज भिंतीला उभी करायचो, तिच्या दोरीत कागद खोचायचो, तो माझा इझल. झोप आली की चित्र काढून ठेवायचं आणि इझल आडवा करायचा. सकाळी बसस्टँडवर जाऊन राळेगावच्या गाडीची वाट पाहत पेंगणारी माणसं काढायचो. गाडी लागली की माणूस उठून जायचा आणि वहीत अर्धामुर्धा राहायचा. डोकं आहे, खांदा आहे, पाठीचा बाक आहे, हात नाही. खरं सांगायचं तर दोष गाडीवर ढकलण्यात अर्थ नाही. गाडी उशिरा लागली तरी मी हात शेवटीच ठेवायचो. मला हात येत नव्हते.

दुसऱ्या वर्षी सरांनी नवीनच टूम काढली. म्हणाले, ‘‘पुस्तकातले स्टुडिओ पाहून झाले असतील, तर आता जिवंत पाहा. काम करणारी माणसं शोधा, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन बसा. माणूस उभा कसा राहतो, उजेड कुठून घेतो, काम संपल्यावर खाली काय सांडलेलं असतं, तेवढंच वहीत लिहा. तो थोर आहे की नाही, ते लिहू नका. ते तुम्हाला कळत नाही.’’

पहिल्यांदा मी दारव्ह्यातच गेलो. बाजाराच्या रस्त्यावर एक पेंटर चाचा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचा स्टुडिओ म्हणजे सायकलीच्या दुकानाशेजारचा ओटा. उकिडवे बसून ते एका कृषी केंद्राची पाटी लिहीत होते. ब्रश टेकला की त्यांचा श्वास थांबायचा, उचलला की सुटायचा. एका श्वासात एक पूर्ण वळण, हातभर लांब, कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. खाली पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती. मी विचारलं, ‘‘चाचा, आखून नाही घेत?’’

‘‘आखता हूँ ना. दिमाग में आखून ठेवलं होतं सकाळपासून. तू येऊन उजेडात उभा राह्यला, सब पुसून गेलं. सरक बाबू तिकडे.’’

मी सरकलो. पुढचे दोन तास मी श्वास त्यांच्याबरोबर थांबवत आणि सोडत होतो, हे मला घरी आल्यावर छाती दुखली तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं मी बिस्किटं घ्यायला गेलो होतो, आणि असं काही माझ्या डोक्यावर टांगलेलं आहे हे मला माहीत नव्हतं.

दुसरी भेट यवतमाळातली. तिथून पुढं मी कुठं गेलोच नाही. बाकीच्या भेटी मी मनानं रचून लिहिल्या. हेही सांगून टाकतो.

आमच्या यवतमाळात नवरात्र आलं की चौकाचौकात देवी बसते. त्या देव्या घडवणाऱ्या एका मूर्तिकाराचं टिनाचं शेड कुंभारांच्या वस्तीत होतं. त्यांना सगळे काकाजी म्हणत. मी पहिल्यांदा आत शिरलो तो आषाढाचा महिना. वर ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि आत अंधुक उजेडात तीस-पस्तीस बाया उभ्या होत्या, तणसाच्या, सुतळीनं करकचून बांधलेल्या. डोकी नाहीत, हात नाहीत, पण प्रत्येकीच्या कमरेत लचक होती. एक पाय पुढं, एक खांदा मागं. नुसत्या गवतात त्या माणसानं चाल आणली होती. मी दारातच थांबलो. चप्पल काढावी की नाही, कळेना. शेवटी काढली.

‘‘ते घाल पायात,’’ काकाजी आतून म्हणाले, ‘‘अजून देवी व्हायची हाय, सध्या गवतच हाय ते. खिळे पडले हायेत खाली.’’

अंगात बनियन, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी सरांचं पत्र पुढं केलं. त्यांनी ते न वाचता खिशात घातलं.

‘‘आर्टिस्ट हायेस म्हणे. पाहून पाहून काय शिकशीन? बस, सुतळी वळ.’’

तसं मी सुतळ्या वळत वळत पाहिलं. आमच्याकडची काळी माती कोणालाही माहीत आहे. पाण्यात फुगते, उन्हात भेगाळते, मे महिन्यात शेताला पडलेल्या भेगेत हात जातो. त्या मातीची मूर्ती करायची म्हणजे कोणीही हसेल. पण तळ्याच्या गाळाची काळी माती, थोडी पिवळी माती आणि जिनिंगमधून झाडून आणलेला वाया गेलेला कापूस एकत्र तुडवला, की ती माती तडकणं विसरते. कापसाचे धागे आतून धरून ठेवतात. हे तुडवण्याचं काम शेडच्या मागं खड्ड्यात काकाजींच्या बायकोचं होतं. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. पातळ वर खोचून, पोटरीपर्यंत चिखलात, दोन दोन तास. खडा लागला की न वाकता पायाच्या बोटांनी उचलून बाहेर टाकायच्या. मातीला पाणी कमी आहे की जास्त, हे टाच उचलताना होणाऱ्या आवाजावरून सांगायच्या.

मी वहीत खड्ड्याचं चित्र काढलं आहे, फावड्याचं काढलं आहे. काकूंचं नाही. त्यांच्याविषयी वहीत एकच ओळ आहे : ‘माती घरची मंडळी तयार करतात.’ ती वही परवा मी पुन्हा उघडली. पुढं मी जी चोरी केली, तिच्याइतकीच ही गोष्ट मला लागली.

आषाढातल्या पौर्णिमेला, जिला आम्ही आखाडी म्हणतो, त्या शेडमध्ये एक रीत होती. त्या दिवशी मूर्तीला माती लावायला सुरुवात. पण आधी काकाजी एक हात करायचे. देवीचा आशीर्वादाचा उजवा हात, माणसाच्या मापाचा. हा हात कुठल्याच मूर्तीला लावायचा नाही, भाजायचा नाही, रंगवायचा नाही. तो फळीवर वर ठेवायचा. सगळा हंगाम त्याच्या देखत काम करायचं. शेवटची मूर्ती शेडमधून निघाली की तो हात मोडायचा, उरलेल्या मातीत तुडवायचा आणि ती माती ओल्या पोत्याखाली पुढच्या वर्षापर्यंत जपायची. पुढच्या आखाडीला नव्या मातीत तिचा एक गोळा घालायचा. काकाजींच्या आज्यापासून हे चाललं होतं. काकू त्या मातीला विरजण म्हणायच्या.

त्या आखाडीला मी पहिल्यांदा हात होताना पाहिला. काकू खड्ड्यातून आल्या, हात धुतला, पदराला पुसला आणि पाटावर बसून तो काकाजींसमोर उभा धरला, पंजा पुढं करून.

‘‘लवकर करा जी, चुलीवर भाजी हाय.’’

‘‘देवीले भाजीची घाई नसते.’’

‘‘देवीले सोपं हाय. तिले दहा हात हायेत.’’

काकाजी हसले आणि मग बोलणं थांबलं. त्यांनी तळव्याचा गोळा थापला. दोन हातांत मातीच्या वळ्या वळून पाच बोटं केली, प्रत्येक निराळी, आणि तळव्याला लावली. इथपर्यंत मलाही समजत होतं. मग त्यांनी अंगठ्याच्या खालचा उंचवटा दाबला. एकदाच, आपल्या अंगठ्यानं, जरासा. आणि तो हात जिवंत झाला. अतिशयोक्ती करायची माझी सवय नाही. मी समोर होतो. एका क्षणी ती माती होती, दुसऱ्या क्षणी त्या तळव्यात वजन होतं, रक्त होतं, नुकतं काम टाकून उठल्याचा शीण होता. बांबूच्या काडीनं नखं, तळव्यावरच्या तीन रेघा. काकूंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘माही करंगळी एवढी वाकडी हाय का?’’

‘‘मी केली का ते? तुह्या बापाले विचार.’’

मी खोलीवर आलो आणि बाज उभी न करता तसाच बसून राहिलो. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. दिवाळीआधी कॉलेजचं प्रदर्शन होतं, बाहेरून परीक्षक येणार होते. मी ठरवलं, मी हातच करणार. काकाजींकडून माती मागितली असती, तर पाटीभर मिळाली असती. पण मला त्याची लाज वाटली. आपण शेतकऱ्याचं पोर, माती काय मागायची? गावाकडून आमच्याच शेतातली माती पोत्यात भरून आणली. कापूस घातला नाही. मला वाटलं, कापूस हा कारागिरांचा जुगाड आहे. आपण कला करतो आहोत.

पहिला हात दोन दिवसांत फाटला. दुसरा, तिसरा. चौथा बरा झाला. महिनाभर त्याच्यावर राबलो आणि लवकर वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवला. दुपारी पाहतो, तर पाचही बोटं मुळातून सुटून, सोललेल्या शेंगांसारखी बाजूला पडली होती. प्रदर्शनाला थोडेच दिवस होते.

त्याच दुपारी मी शेडवर गेलो. मदत मागायला गेलो होतो, हे मी आजवर स्वतःला सांगत आलो, आणि ते खोटंही नसावं. घटस्थापनेचा दिवस. शेवटची मूर्ती ट्रॉलीवर चढवून ढोलताशात नुकतीच निघाली होती. काकाजी, काकू, सगळी वस्ती चौकापर्यंत पोचवायला गेली होती. शेड रिकामं. इतके महिने जिथं उभं राहायला जागा नव्हती, तिथं नुसतं तणस, रंगाचे शिंतोडे आणि ऊन. वर फळीवर तो हात.

मनात आलं, हा आता मोडायचाच तर आहे. संध्याकाळी चिखल होणार याचा. मी घेतला, तर कोणाचं काय जाईल?

गमछा काढला, हात गुंडाळला, स्केचबुकच्या पिशवीत ठेवला. बाहेर पडताना चप्पल मात्र आठवणीनं घातली.

खोलीवर त्याला गेरूचा पातळ हात दिला, म्हणजे ओळखू येऊ नये. वाळलेल्या मनगटाखाली खिळ्यानं सही कोरली. प्रदर्शनात परीक्षक त्या हातापुढं बराच वेळ थांबले. म्हणाले, ‘‘हा अंगठ्याखालचा दाब शिकवून येत नाही.’’ सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पहिलं बक्षीस. त्या बक्षिसावर सरांनी माझं नाव एका शाळेत सुचवलं, आणि त्या शाळेत मी आजही आहे.

त्यानंतर मी शेडवर गेलो नाही. मूर्तिकारांच्या वस्तीचा रस्ताच टाळला. मातीकाम सोडलं. वर्गात मुलांना फुलदाणी, निसर्गचित्र, नक्षी शिकवली. घरी स्वतःसाठी रंगवत राहिलो, पण लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी एकदा बायको भिंतीवरची चित्रं झटकताना सहज म्हणाली, ‘‘तुमच्या चित्रातल्या लोकायचे हात कुठी जातेत जी? कोणाचे खिशात, कोणाचे पदराखाली. यायले काय थंडी वाजते?’’ ती हसली. मी चहा सांडला.

या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्यावर वरच्या वर्गातल्या मुलांनीच हट्ट धरला. एका मुलीनं मोबाइलवर कुठल्या तरी शिल्पकाराचा स्टुडिओ पाहिला होता. ‘‘सर, आपल्या इथं नाही का असं काही?’’ नाही म्हणण्याइतका खोटेपणा आता माझ्यात उरला नव्हता. आम्ही बारा जण, तीन ऑटो करून गेलो. कोणी मला ओळखणार नाही, याची खात्री होती. केस गेलेत, पोट आलंय.

शेड तेच, टिन नवे. तणसाच्या बाया तशाच उभ्या, आणि माझी मुलं दारात तशीच थांबली, जसा मी थांबलो होतो. एकीनं चप्पल काढली. काकाजी बाजेवर बसून बोटं वळत होते. हात किंचित थरथरत होता, पण माती लागली की थांबायचा. काकू मागं खड्ड्यात होत्या, पूर्वीपेक्षा हळू, भिंतीला धरून.

मुलांनी विचारलं, ‘‘सुरुवात कशी करता?’’

‘‘पयले आम्ही आखाडीले एक हात करत होतो,’’ काकाजींनी सगळी रीत सांगितली, आणि मग मागं मान करून मोठ्यानं म्हणाले, ‘‘पण आमच्या इथल्या बाईनं विरजण सांडलं ना! झाडता झाडता पहिला हात कचऱ्यासंगं फेकून देल्ला. तीन पिढ्यायचं विरजण. तवापासून हात बंद. विरजणच नाही, तं पहिला हात कायचा?’’

मुलं हसली. काकाजीही हसत होते. सांगून सांगून त्याचा विनोद झाला होता, हे स्पष्ट दिसत होतं. गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, जावयांना. खड्ड्यातून काकूंचा आवाज आला, ‘‘सांगा, सांगा. नवे लोक आले की सांगल्याबिगर यायले जेवण नाई पचत.’’ आवाजात राग नव्हता. राग झिजून झिजून गुळगुळीत झाला होता.

मी समजत होतो की मी एका चिखल होणाऱ्या वस्तूला चिखल होऊ दिलं नाही, एवढाच माझा गुन्हा. त्यापायी एक रीत थांबली, हे मला माहीत नव्हतं. आणि एक बाई बावीस वर्षं तिनं न केलेल्या गोष्टीवरून हसत हसत बोलणी ऐकून घेत होती.

चार दिवसांनी मी एकटा गेलो. पिशवीत तो हात. काकाजी बाजेवर डोळा लागून पडले होते. काकू खड्ड्याच्या काठावर बसून कापूस पिंजत होत्या.

‘‘कोन हाय? परवा पोरं घेऊन आले ते मास्तर ना?’’

मी खाली बसलो, पिशवी उघडली, कापूस बाजूला केला. त्यांनी पाहिलं. पिंजायचा कापूस खाली ठेवला. मग उचलला, उजेडाकडं धरला, गेरूवर नख घासून खालची काळी माती पाहिली.

‘‘हा कुठी सापडला?’’

‘‘सापडला नाही, काकू. मी नेला होता. घटस्थापनेला तुम्ही सगळे मूर्तीसंगं गेलते, तेव्हा. मी इथं सुतळी वळायला यायचो. आर्टिस्ट म्हणायचे मला.’’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हात उलटा केला.

‘‘अन् हे काय लिवलं?’’

‘‘माझी सही.’’

‘‘माह्या हातावर तुही सही?’’

मला वाटलं, आता फेकून मारतील. त्यांनी आपला उजवा हात पुढं केला आणि तो मातीचा हात शेजारी धरला. एक गाठी आलेला, नखं झिजलेला, कातडी सैल पडलेली. दुसरा पस्तिशीतला, भरलेला, करंगळी तेवढी तशीच वाकडी. दोन्ही एकाच बाईचे. मी आयुष्यात प्रदर्शनं पाहिली, संग्रहालयं पाहिली. त्या दुपारी कापसाच्या ढिगाजवळ जे पाहिलं, त्याच्यासमोर ते सगळं कागदाचं आहे.

‘‘एवढा चांगला होता का गं माय माहा हात,’’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ‘‘तवा पाह्यलाच नाही. भाजीच लागून राह्यली होती.’’

मग त्या माझ्याकडं वळल्या. ‘‘मले माह्याच झाडण्यावर शंका होती. बावीस वर्सं मीच मले विचारत राह्यलो, का बाई, फेकला का तू? आता तं मले आठवतही होतं का मीच फेकला. समजलं का तुले? मले आठवत होतं!’’

मी हात जोडले.

‘‘मले कायले जोडतेस? त्यायले उठव. त्यायच्या तोंडासमोर सांग.’’

काकाजी उठले. मी पुन्हा सगळं सांगितलं, शेतातल्या मातीपासून सहीपर्यंत. ते ऐकत होते आणि हात उलटसुलट करून पाहत होते. सांगून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘ही अंगठ्यापाशी चीर कवा गेली?’’

‘‘दहाएक वर्षं झाली.’’

‘‘मंग कापूस कमी पडला असन त्या साली.’’

‘‘घ्या!’’ काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ‘‘चोर समोर बसला हाय, कबूल करून राह्यला, तरी यायचं बोट माह्याच मातीकडे! अहो, बावीस वर्सं टिकला तो. तुमचे गुडघे टिकले नाही तेवढे.’’

काकाजी हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. चष्मा काढला, बनियनला पुसला. मला म्हणाले, ‘‘तुले मी काय बोलू? तू एकदा चोरी केली. मी दरसाल बोललो.’’ चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, ‘‘ज्या पोरायसमोर मी हिले बोललो, त्या पोरायले आखाडीले घेऊन ये. बाकीचे कुठी शोधू? पण ते तं हायेत. त्यायच्यासमोर तू तुहं सांग, मी माहं सांगतो.’’

आखाडीपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते लिहीत नाही. आखाडीच्या सकाळी पाऊस उघडला होता. मुलं तणसाच्या बायांमध्ये दाटीवाटीनं उभी राहिली आणि मी सांगितलं. मी सांगत असताना त्यांची तोंडं पाहायची हिंमत झाली नाही, म्हणून फळीकडं पाहत राहिलो. संपल्यावर मोबाइलवर स्टुडिओ पाहिलेली ती मुलगी हळूच म्हणाली, ‘‘सर, मग ते बक्षीस?’’

‘‘ते प्रमाणपत्र वर्गाच्या भिंतीवरून काढलंय. कॉलेजला आणि सरांच्या घरी पत्र पाठवलंय.’’

‘‘अन् आम्हाला हात काढायला का नव्हते शिकवत, ते?’’

त्याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. तिलाच कळलं होतं.

मग काकाजी उठून काकूंसमोर उभे राहिले. मुलांना म्हणाले, ‘‘हिनं विरजण सांडलं नव्हतं. ते मी मनानं सांगत होतो.’’ एवढंच. पण चाळीस वर्षांच्या संसारात तो माणूस बायकोसमोर असा सरळ उभा राहिला नसावा, कारण काकूच गडबडल्या आणि म्हणाल्या, ‘‘असू द्या जी, बसा, पाय दुखतीन.’’

हात खड्ड्यात कोणी टाकायचा, हा प्रश्न आला. काकूंनी तो दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, ठेवून घेतील. ठेवला असता, तर कोणी काही म्हणालं नसतं. त्यांनी आधी ओल्या अंगठ्यानं मनगटाखालची सही पुसली. दोनदा घासल्यावर गेली. मग हात मातीवर ठेवला, तळवा वर करून, आणि लोटाभर पाणी ओतलं. न भाजलेली माती पाणी कशी पिते, ते पाहावं. बोटांची टोकं आधी गेली, मग रेघा. अंगठ्याखालचा तो उंचवटा सगळ्यात शेवटी विरघळला.

‘‘उतर,’’ काकू मला म्हणाल्या.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी उतरलो. थंडगार. पहिल्या दहा पावलांत पोटऱ्या भरून आल्या. पाय उचलताना माती सोडत नव्हती, आणि मधूनच तळव्याला खडा बोचायचा तो बोटांनी उचलता येईना. पाच मिनिटांत मला घाम फुटला. या बाईनं हे आयुष्यभर केलं होतं. शेडमधल्या सगळ्या देव्या, चौकाचौकात लोक ज्यांच्यापुढं हात जोडतात त्या, आधी इथं, या टाचांखाली उभ्या राहिल्या होत्या. मी वहीत खड्ड्याचं चित्र काढलं आणि मला ते दिसलं नव्हतं.

मुलं काठावर बसून कापूस टाकत होती. काकू कान देऊन ऐकत होत्या. ‘‘पाणी कमी हाय अजून. आवाज कोरडा येऊन राह्यला.’’

तेवढ्यात आतून काकाजींची हाक आली. त्यांनी फळी पुसून ठेवली होती, पाट मांडला होता.

‘‘अवो, हात धुऊन ये. माती होऊन राह्यली तवरीक बसून घे इथी.’’

काकू उठल्या. बादलीत हात धुतला, पदराला पुसला, एकदा उलटा करून पाहिला. जाता जाता माझ्याकडं वळल्या.

‘‘तू कायले थांबला? तुडव.’’